आडनावाचा रकाना

आमच्या आडनावात जे गाव आहे ते मी आजतागायत पाहिलेलं नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही, पाहिलेलं नव्हतं. निपाणीच्या पलीकडे कुठंतरी आहे आणि राज्यांच्या नव्या सीमा आखल्या तेव्हा ते म्हैसूरच्या वाट्याला गेलं, एवढंच घरात ठाऊक. खापरपणजोबा तिथून निघाले, कोल्हापुरात शिवाजी पेठेत येऊन राहिले. गाव मागं राहिलं, त्याचं नाव तेवढं बरोबर आलं आणि त्याला 'कर' चिकटला. ह्यात काही विचित्र आहे असं मला पंचविशीपर्यंत कधी वाटलं नाही. शाळेत माझ्या वर्गातली अर्धी पोरं कुठल्या ना कुठल्या गावची 'कर' होती आणि सुट्टीत त्या गावाला जाणारं त्यात एकही नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जो घोळ घातला तो ह्याच सवयीतून घातला. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या कारकुनानं तो घातला नसता.

अप्पा जमिनीच्या रेकॉर्ड ऑफिसात कारकून होते. बोलायचे अस्सल कोल्हापुरी आणि लिहायचे अस्सल सरकारी. 'सदरहू', 'उपरोक्त', 'काहीएक' असले शब्द त्यांच्या टाकातून झरझर उतरायचे आणि टाक खाली ठेवला की "आगं, च्या टाक की" अशी हाक. मला त्यांनी लहानपणी एकच गोष्ट बजावून शिकवली: रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यात मागाहून कोण काय भरील याचा नेम नाही. माहिती नसेल तर चौकशी कर, पण रकाना भर. मी ती शिकवण इतकी मनावर घेतली की परीक्षेत उत्तर येत नसलं तरी मी काहीतरी लिहूनच यायचो.

बी. ए. झालो, दोन वर्षं कोल्हापुरात नोकरीसाठी चपला झिजवल्या आणि साठचं दशक सरत आलं तेव्हा एकदाची एक सरकारी नोकरी मिळाली. कारकुनाचीच. पण कुठं, तर देशाच्या पूर्व टोकाला, सरहद्दीवरच्या डोंगरांत. आगगाडीनं चार दिवस आणि पुढं लष्कराच्या ट्रकनं दोन. तालमीसमोरच्या कट्ट्यावर माझी भरपूर चेष्टा झाली. "तिकडं माणसं खात्यात म्हणं," एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, "मग ह्येला कोण खाणार? हाडं तर हायती निस्ती." अव्वा, म्हणजे आई, मात्र खरोखर रडली. मला स्वतःला काय वाटत होतं ते सांगता येत नाही. पगार मिळणार याचा आनंद होता, बाकी सगळा धूसर प्रकार होता.

तिथं जे चाललं होतं ते मला त्या वेळी नीट कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळलं आहे असं नाही. डोंगरातल्या काही तरुणांनी बंड केलं होतं. त्यांना आपलं वेगळं राज्य हवं होतं, बंदुका घेऊन ते जंगलात गेले होते. त्यांना गावांतून तांदूळ मिळतो, म्हणून सरकारनं ठरवलं की गावंच उचलायची. डोंगरमाथ्यावरची चार-चार गावं खाली सडकेच्या कडेला एका जागी आणून बसवायची, भोवती टोकदार बांबूंचं कुंपण, एकच फाटक, सकाळ-संध्याकाळ हजेरी, शेतावर जायचं तर पास. आणि मागं राहिलेली घरं जाळून टाकायची, म्हणजे तिथं कोणी आसरा घेणार नाही. जाळण्याचं काम लष्कराकडं. तांदूळ वाटण्याचं काम आमच्या साहेबाकडं. सरकार एका हातानं जाळत होतं आणि दुसऱ्या हातानं वाढत होतं, आणि मी त्या दुसऱ्या हाताचा कारकून होतो. मी पोचलो तेव्हा जाळपोळ संपली होती. पण दुपारच्या वेळी माणसं काम सोडून डोंगराकडे बघत उभी राहायची, तिथं तर आता काहीच नव्हतं.

साहेब तसा बरा माणूस होता. सतत घामेजलेला आणि घाईत. त्यानं मला एक छापील वही दिली आणि सांगितलं, कुंपणातल्या प्रत्येक माणसाची नोंद कर, ह्या नोंदीवरून ओळखपत्रं होतील, ओळखपत्रावर तांदूळ मिळेल. वहीत रकाने होते. नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, अंगावरची खूण.

मदतीला एक दुभाषा दिला होता. तो माझ्याच वयाचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. वरच्या एका गावात तो शाळामास्तर होता. आता गाव नाही आणि शाळाही नाही म्हणून तो माझ्याशेजारी बाकावर बसायचा. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, हिंदी मात्र माझ्यासारखंच मोडकं. आमचं दोघांचं हिंदी ऐकून साहेब डोक्याला हात लावायचा. मास्तर हळू बोलायचा, खूप हसायचा, आणि हसताना तोंडावर हात ठेवायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

नोंदी सुरू झाल्या आणि तिसऱ्या रकान्यात माझं घोडं अडलं. ह्या लोकांना आडनावच नव्हतं. माणसाला एक नाव, संपलं. बापाचं नाव विचारलं तर सांगायचे, पण ते पुढं लावायची पद्धत नाही. एका नावाची आठ-आठ माणसं. मी मास्तरला पुन्हा पुन्हा विचारलं, "घराण्याचं काहीतरी नाव असेल की." तो म्हणाला, "घराण्याचं आहे, पण ते असं लावत नाहीत." पहिलं पान भरलं. तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. मला ते पान बघवेना. अप्पा मागं उभे राहून वहीत डोकावताहेत असं वाटायला लागलं.

मग मला युक्ती सुचली. युक्ती म्हणजे काय, आमच्याकडचं नेहमीचंच. जो ज्या गावातून आणला, त्या गावाचं नाव मी त्याच्या आडनावाच्या रकान्यात घातलं. 'कर' तेवढा लावला नाही. चार गावं, चार आडनावं. वही भराभर भरत गेली आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो. मास्तरनं विचारलं, "हे काय लिहितोस?" मी म्हणालो, "आमच्या मुलखात असंच असतं. माणूस कुठंही गेला तरी गाव त्याच्या नावात राहतं."

त्यानं पान मागं उलटून बघितलं. मग म्हणाला, "तुझं गाव कसं आहे?"

"मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे तेही जाळलं?"

"नाही रे बाबा. आहे तिथंच. आम्ही गेलो नाही, एवढंच."

हे काही त्याला समजेना. आहे तिथंच असलेल्या गावाला माणूस जात का नाही, हा प्रश्न त्यानं मला पुढं कितीतरी वेळा विचारला आणि मी दर वेळी वेगळं कारण सांगितलं. त्याच्या स्वतःच्या नोंदीपाशी आलो तेव्हा मात्र त्यानं माझ्या हातून पेन घेतलं आणि आडनावाच्या रकान्यात आपल्या गावाचं नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं. वहीतली तेवढी एक नोंद माझ्या हातची नाही.

वही टाइप झाली, तिच्या प्रती जिल्ह्याच्या ठिकाणी आणि लष्कराकडे गेल्या. साहेबानं पाठ थोपटली. वर्ष भरलं होतं, म्हणून मला दोन महिन्यांची रजा मिळाली आणि मी कोल्हापूरला आलो. येताना मास्तरनं मला बांबूची एक छोटी डबी दिली. तुझं गाव बघून ये आणि त्यात तिथली माती घालून आण, म्हणाला. मी हो म्हणालो.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस मी गावभर हुंदडलो. खासबागेत कुस्त्या बघितल्या, फुटबॉलची मॅच बघून घसा बसवून घेतला, मटणाच्या पंक्ती झोडल्या. कट्ट्यावरच्यांनी तिकडचं विचारलं की मी काहीतरी तिखटमीठ लावून सांगायचो. गाव बघायला जायचं रोज ठरायचं आणि राहायचं. निपाणीपर्यंत एस. टी., तिथून पुढं विचारत जायचं, फार तर एक दिवसाचं काम. पण गेलो नाही.

अशात एके दिवशी टपाल आलं. आमच्या कचेरीतल्या टायपिस्टचं पत्र. त्यानं लिहिलं होतं की मास्तरला लष्करानं धरून नेलं. लष्कराकडे हव्या असलेल्या बंडखोरांची एक यादी होती. त्यात एका नावाजलेल्या बंडखोराच्या नावापुढं, तो कुठला ते कळावं म्हणून, त्याच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. ते गाव मास्तरचंच. कुणीतरी ती यादी आणि माझी वही शेजारी-शेजारी ठेवून वाचली. दोघांचं 'आडनाव' एक, वयही जवळपास सारखं, आणि मास्तर तर शिकलेला, पास घेऊन फाटकातून आत-बाहेर करणारा. त्याला विचारलं, तुला भाऊ किती? तो म्हणाला, एकही नाही. ते म्हणाले, खोटं बोलतोस, मूळ वहीत तुझंच अक्षर आहे.

पत्र मी दारातच उभ्यानं पुन्हा एकदा वाचलं. मला आधी कळेचना की ह्यात माझा दोष किती. यादी मी केली नव्हती. बंड मी केलं नव्हतं, गावं मी उचलली नव्हती. मी नुसता एक रकाना भरला होता. हे मी स्वतःला दहादा सांगितलं आणि दहाही वेळा मला स्वतःचीच लाज वाटली.

अप्पांना सांगितलं. ते आंघोळ करून पूजेला बसायच्या बेतात होते. ते तसेच ओलेत्यानं माझ्यासमोर बसले.

"आडनाव न्हवतं तर लिवलंस कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत की. रकाना रिकामा सोडायचा नाही."

"आरं, चौकशी करून भर म्हणालतो मी. मनचं घाल म्हणालतो व्हय?" असं ओरडले आणि मग एकदम मऊ झाले. "जाऊ दे. कागूद काढ."

माझं म्हणणं होतं की सरळ खरं ते लिहावं. ह्या लोकांत आडनाव नसतं, मी आमच्या पद्धतीनं गावाचं नाव तिथं घातलं, ह्या दोघांचं गाव एक आहे पण नातं काही नाही. मी तसा मसुदा केला आणि शेवटी एक ओळ घातली: 'सदर इसम भला माणूस आहे.' अप्पांनी तो चष्मा कपाळावर चढवून, कागद हातभर लांब धरून वाचला. पहिल्यांदा त्यांनी शेवटची ओळ खोडली.

"भला-बुरा, ह्येचं सरकारला काय करायचं हाय? संबंध हाय का न्हाय, तेवढंच लिव. जादा मजकूर आला की कागदाचं वजन जातंय."

मग ते गावाच्या वाक्यापाशी थांबले. त्यावर बोट ठेवलं. "ह्यो बंडखोर त्या गावचा, व्हय न्हवं? आणि ह्यो मास्तरबी त्याच गावचा?"

"हो."

"मग ह्ये लिवून त्येला सोडवतोस का बांधतोस? गावच बदनाम हाय. एका गावचं म्हटलं की झालं, आत बसतोय. मास्तर हाय न्हवं त्यो? मास्तर बदलून येत्यातच. बाहेरनं आलता म्हणून लिव."

"पण ते खोटं आहे, अप्पा. तो तिथलाच. त्याचा बाप, आजा, सगळे तिथले."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. ते चिडले नव्हते. "तुला माणूस सोडवायचा हाय का गाव?" त्यांनी विचारलं.

मी मसुदा बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला. अप्पा मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेलो. सदर इसम शाळामास्तर म्हणून बाहेरून आलेला असून त्याचा उपरोक्त गावाशी, अगर त्या गावच्या कोणाही इसमाशी, काहीएक संबंध नाही. त्याच्या नावापुढे सदरहू गावाचे नाव माझ्या नजरचुकीने पडले आहे. खाली माझी सही, हुद्दा आणि शिवाजी पेठेतला घरचा पत्ता. एक प्रत साहेबाला आणि एक मिशनच्या शाळेमार्फत मास्तरच्या बायकोला. दोन्ही पाकिटं मी स्वतः पोस्टात नेऊन रजिस्टर केली. वाटेत मला हलकं वाटत होतं आणि घाणही वाटत होती, आणि ह्यातलं खरं कुठलं ते ठरेना.

रजा संपवून मी परत निघालो. पण डोंगराच्या पायथ्याशी, जिथं रेल्वे संपते तिथं, मला सांगण्यात आलं की माझी नेमणूक आता इथंच, धान्याच्या गोदामावर. वर जायचं नाही. का, ते कोणी सांगेना. माझा कागद पोचला म्हणून मला काढलं, की नेहमीची बदली होती? साहेबाला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. पुढं कळलं की साहेबच बदलला. टायपिस्टही गेला होता. वरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारायचो, तर ते म्हणायचे, तिथं रोज माणसं आत जातात नि बाहेर येतात, तुमचा मास्तर कोणता म्हणून सांगावं? दोन वर्षं मी तिथं तांदळाची पोती वर पाठवत राहिलो. मग राजीनामा दिला. बांबूची डबी रिकामीच परत कोल्हापूरला आली.

इथं मला एका हायस्कुलात कारकुनी मिळाली. लग्न झालं, मुलं झाली. सगळं सुरळीत चाललं होतं, एक सोडून. दर जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म भरताना आडनावाच्या रकान्याशी माझा हात अडायचा. एकदा गडमुडशिंगीचा एक शेतकरी मुलीला घेऊन आला. आडनाव विचारलं तर म्हणाला, "लिवा मुडशिंगकर." मी म्हणालो, "ते गाव झालं. आडनाव सांगा." तो म्हणाला, "त्येच हाय." मी म्हणालो, "नक्की? मागाहून घोटाळा होईल. पूर्वीचं काही दुसरं होतं का?" त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावणं, आडनाव माझं हाय का तुमचं?" सगळं ऑफिस हसलं. हेडमास्तरांनी मला नंतर बोलावून घेतलं आणि तब्येतीची चौकशी केली.

मास्तरचं काय झालं असेल, हा विचार मी कधी सोडला नाही आणि कधी पुरता केलाही नाही. तो सुटला असेल असं वाटलं की मी स्वतःला शाबासकी द्यायचो. सुटला नसेल असं वाटलं की म्हणायचो, मी माझ्याकडून केलं. दोन्हीकडून मी आपला मोकळाच. हे बरोबर नाही हे समजत होतं.

ऐंशीचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. तिकडे समझोता झाला, बंडखोर जंगलातून बाहेर आले, असं पेपरात वाचलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी पोस्टमन एक जाड रजिस्टर पाकीट घेऊन आला. पत्ता माझा, अक्षर अनोळखी पण वळणदार. पाठवणारा मास्तरचा मुलगा होता.

अप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात. डोळे अधू, पण कान आणि डोकं शाबूत. मी त्यांच्या खाटेशेजारी बसून पत्र मराठीत करून मोठ्यानं वाचलं.

मुलानं लिहिलं होतं की वडील त्या वेळी एक पावसाळा अटकेत होते आणि तुमचा कागद आला म्हणून सुटले. हे वाक्य मी दोनदा वाचलं. अप्पांनी खाटेवर हात आपटला. "बगितलास? सुटला की!"

पुढं वाचलं. वडील गेल्या वर्षी वारले. आता सरकारनं परवानगी दिली आहे की ज्यांची गावं उठवली त्यांनी परत वर जाऊन राहावं, जमीन कसावी. पण कोण मूळचा कुठला हे सिद्ध करायला हवं, आणि जुने कागद गावांबरोबरच जळाले. एकच पुरावा उरला आहे, तुमची वही. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढं त्याच्या गावाचं नाव आहे. त्या वहीवर आमच्या सगळ्या शेजाऱ्यांना जमिनी मिळाल्या. तुम्ही दिलेलं ते नाव आता आम्ही सगळे लावतो. आम्हाला मात्र जमीन नाकारली. कचेरीचं म्हणणं की आमचे वडील बाहेरून आलेले, त्यांचा त्या गावाशी काहीएक संबंध नाही, तसं तुम्हीच लिहून दिलं आहे. सोबत तुमच्या कागदाची झेरॉक्स जोडतो आहे. आपण हयात असाल तर कृपा करून खरं काय ते शपथेवर लिहून द्यावं.

झेरॉक्सवर माझं पंचविशीतलं अक्षर. चूक म्हणून जी कबूल केली ती खरी निघाली होती, आणि ती दुरुस्त करायला जे लिहिलं ते खोटं. मी रकाना भरला म्हणून तो आत गेला, रकाना खोडला म्हणून सुटला, आणि खोडला म्हणूनच त्याची पोरं उघड्यावर आली. मी काय करायला हवं होतं? कुणी मला सांगेल का? अप्पांकडे बघितलं तर ते छताकडे बघत होते.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

संपलं नव्हतं. खाली, सहीच्या वर, आणखी तीन ओळी होत्या. त्या मी वाचायला लागलो.

'आणखी एक विनंती. तुमचा कागद वडील आयुष्यभर खिशात घेऊन फिरले. प्रत्येक फाटकावर तो दाखवायचे, पण घरात कुणाला वाचू द्यायचे नाहीत. आम्ही विचारलं तर सांगायचे, दूरच्या एका मित्रानं मी भला माणूस आहे असं लिहून दिलं आहे. ह्या कागदात तसं वाक्य कुठं सापडत नाही. ते दुसऱ्या कागदात असेल तर त्याची प्रत पाठवावी.'

अप्पांनी कूस बदलली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्या खोडलतं त्ये."

"हो."

"त्येला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अप्पा. त्याला कोण सांगणार?"

म्हातारा माणूस मुसमुसत राहिला. मीही. अव्वा असती तर तिनं दोघांनाही दामटून चहा तरी पाजला असता. थोड्या वेळानं अप्पा उठून बसले आणि म्हणाले, "कोर्टात जा. आदी घातलेलं खोटं हाय म्हणून लिव. तुला काय म्हणतील त्ये म्हणू देत. आणि पयलं त्येच लिव."

"पहिलं काय?"

"म्या खोडलेलं."

कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्टांची रांग बसते. मी मुद्रांक घेऊन त्यातल्या एका वयस्कर टायपिस्टासमोर बसलो आणि हातानं लिहून आणलेला मजकूर दिला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, तुम्ही आदी एक लिवून दिलंय आणि आता त्येच खोटं हाय म्हणताय. तिकडलं सरकार ह्येतलं कुठलं खरं मानंल?"

"म्हाईत न्हाय."

"अंगाशी आलं तर?"

"येऊ दे की."

"बरं. पर ह्यो पयला मुद्दा न्हाय चालायचा. 'सदर इसम भला माणूस होता.' प्रतिज्ञापत्रात असलं काय नसतंय. ह्येला पुरावा काय?"

"मी सांगतोय न्हवं शपथेवर? टाइप करा."

तो पुटपुटला, पण त्यानं कागद मशीनवर चढवला. बोटं मोडली. मग मान वर न करता म्हणाला, "त्या मास्तरचं पुरं नाव सांगा. आडनावासकट."

मी त्याचं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं, आणि त्याला नीट ऐकू गेलं नाही म्हणून आणखी एकदा मोठ्यानं सांगितलं.